संयुक्त सौरवेध आणि निरीक्षणसामग्रीचे स्वामित्व : ‘सोहो’ यानाच्या कार्यपद्धतीचा इतिहास

१. प्रास्ताविक

सूर्य एक असला तरी त्याचे दर्शन एकविध नाही. त्याचा दीप्तिगोल साध्या दुर्बिणीतून दिसतो. त्यावरील वर्णगोल पाहावयाचा तर विशिष्ट वर्णरेषेचा प्रकाश वेगळा काढावा लागतो. सर्वांत बाहेरचे किरीट, म्हणजे ज्याला सामान्यतः करोना म्हणतात ते, खग्रास ग्रहणात किंवा दुर्बिणीत कृत्रिम ग्रहण घडवूनच दृग्गोचर होते. आणि त्याचा अतिनील व क्ष-किरण भाग तर वातावरणाबाहेर गेल्यावाचून दिसतच नाही. सारांश, संपूर्ण सूर्य पाहू शकेल असे एकही उपकरण नाही. यात आणखी एका अडचणीची भर पडते. प्रयोगशाळेतील प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. सूर्यावर घडलेली घटना मात्र पुन्हा घडवून आणता येत नाही. पाच मिनिटांत विझलेली ज्वाला ज्याने पाहिली त्याची नोंद हेच तिचे एकमेव अवशिष्ट रूप होय.

यातून सौरनिरीक्षणाच्या इतिहासात दोन प्रश्न आरंभापासून उभे आहेत. अनेक निरीक्षकांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी दृष्टी लावावी यासाठी काय योजना करावी, हा पहिला. आणि ज्याने पाहिले त्याच्याजवळची नोंद इतरांस केव्हा व कोणत्या अटींवर मिळावी, हा दुसरा. पहिला प्रश्न व्यवस्थेचा आहे, दुसरा अधिकाराचा. या दोहोंच्या मुळाशी तिसरा एक प्रश्न आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे निरीक्षकांच्या समान परिभाषेचा. ‘तेथे’, ‘तेव्हा’ आणि ‘इतके’ या तीन शब्दांचा अर्थ सर्वांना एकच असल्याशिवाय संयुक्त वेध घेता येत नाहीत, आणि घेतले तरी ते एकमेकांस समजत नाहीत. युरोपीय अवकाशसंस्था व अमेरिकेची ‘नासा’ यांनी संयुक्तपणे १९९५ साली सोडलेल्या ‘सोहो’ या यानाच्या कार्यपद्धतीत हे तिन्ही प्रश्न एकत्र आले. ती पद्धती कशी घडत गेली आणि तिच्या मर्यादा कोठे उघड झाल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. साक्षींचे स्वातंत्र्य

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी लंडनच्या दक्षिणेस रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा डागांच्या एका मोठ्या समूहाचे रेखाटन करीत असता त्या समूहावर एकाएकी दोन अतितेजस्वी ठिपके प्रकटले. कोणीतरी साक्षीदार हवा म्हणून तो धावत बाहेर गेला. मिनिटभरात परत येतो तो तेज बरेच मंदावले होते. सुदैवाने त्याच वेळी रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकाने अन्यत्र तेच दृश्य पाहिले होते. ही वार्ता कळल्यावर कॅरिंग्टनने जे केले ते लक्षणीय आहे. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे दोघांची निवेदने येईपर्यंत त्याने हॉजसनशी तपशिलाची कोणतीही देवघेव कटाक्षाने टाळली. दोन्ही साक्षी परस्परांपासून जितक्या अलिप्त तितके त्यांचे मोल अधिक, अशी त्याची भूमिका होती. क्यू येथील वेधशाळेतील स्वयंलेखी चुंबकमापकाने त्याच सुमारास एक लहानसा धक्का नोंदविला होता, आणि त्यानंतर सतरा-अठरा तासांनी प्रचंड चुंबकीय वादळ झाले. या योगायोगाचा उल्लेख कॅरिंग्टनने केला, पण त्यावरून निष्कर्ष काढण्यास तो धजला नाही.

या प्रसंगात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. एका उपकरणास जे दिसले त्याचा अर्थ दुसऱ्या उपकरणाच्या नोंदीवाचून लागत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र त्या तीन नोंदी जुळल्या त्या योजनेने नव्हे, यदृच्छेने. शिवाय निरीक्षकांनी आधी आपापसांत बोलणे हा त्या काळी दोष ठरत होता. पुढे ज्याला सहकार्य म्हटले गेले त्याला आरंभी साक्ष बिघडविण्याचा धोका मानले जाई, हे विसरता कामा नये.

कॅरिंग्टनचे दुसरे कार्य अधिक टिकाऊ ठरले. सूर्य हा घन गोल नसल्याने त्याचे निरनिराळे अक्षांश निरनिराळ्या वेगांनी फिरतात; त्यामुळे त्यावर रेखांश मोजण्यास स्थिर खूण नाही. कॅरिंग्टनने एक सरासरी परिभ्रमणकाल ठरवून दिला. पृथ्वीवरून तो सुमारे २७.२७५ दिवसांचा दिसतो. ९ नोव्हेंबर १८५३ पासून त्याने या परिभ्रमणांस क्रमांक दिले. हा आरंभबिंदू सर्वस्वी सांकेतिक आहे. निसर्गात त्याला आधार नाही. तथापि भाषेतील शब्दाप्रमाणेच संकेताचे सामर्थ्य तो सर्वमान्य असण्यात असते. आजही सौरनकाशे त्याच क्रमांकांनी ओळखले जातात.

‘इतके’ या शब्दाचा प्रश्न झुरिच येथील रुडॉल्फ वोल्फ याने हाताळला. डागांची संख्या दुर्बिणीच्या आकारावर, हवेवर आणि पाहणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते. यावर त्याने काढलेला उपाय असा : समूहांची संख्या दहाने गुणावी, तीत सुट्या डागांची संख्या मिळवावी आणि येणाऱ्या बेरजेस त्या निरीक्षकाच्या विशिष्ट गुणकाने गुणावे. हा गुणक म्हणजे एका निरीक्षकाच्या बोलीचे दुसऱ्याच्या बोलीत केलेले भाषांतरच होय. वोल्फचा उत्तराधिकारी आल्फ्रेड वोल्फर हा अगदी बारीक डागही मोजीत असे, म्हणून त्याच्या आकड्यांस ०.६ ने गुणून ते वोल्फच्या मापाशी जुळविले जात. ही प्रथा शतकाहून अधिक काळ चालली. २०१५ साली जेव्हा संपूर्ण मालिकेची फेरतपासणी झाली तेव्हा वोल्फरची मोजणी हीच प्रमाण धरून तो गुणक काढून टाकण्यात आला. जुनी नोंद कोणत्या परिभाषेत लिहिली आहे हे ठाऊक होते म्हणूनच दीड शतकानंतर ती नव्याने वाचता आली.

३. विजयदुर्ग ते तळणी : १८९८

योजनापूर्वक केलेल्या संयुक्त वेधांचा एक उत्तम नमुना महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा छायापट्टा कोकण किनाऱ्यावरून देशावर चढून विदर्भावरून ईशान्येकडे गेला. इंग्लंडमधील रॉयल सोसायटी व रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांच्या कायम ग्रहणसमितीने या पट्ट्यावर आपल्या तुकड्या वाटून दिल्या. नॉर्मन लॉकयर याने विजयदुर्ग येथे तळ दिला आणि ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांस निरीक्षणाचे शिक्षण देऊन कामास लावले. विदर्भात पुलगाव येथे न्यूऑल व हिल्स यांची तुकडी होती. तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे निरीक्षक होते. त्यांतील जॉन एव्हरशेड पुढे कोडाईकनाल वेधशाळेचा प्रमुख झाला. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्राध्यापक नायगामवाला यांनी आपापली उपकरणे मांडली.

खग्रास अवस्था सुमारे दोनच मिनिटांची. एका ठिकाणी ढग आले तर दुसऱ्या ठिकाणी आकाश स्वच्छ मिळावे आणि किरीटाचे रूप छायेच्या प्रवासात बदलते की काय हे कळावे, हे दोन्ही हेतू अशा मांडणीने साधत. येथे सहकार्य होते ते कार्याच्या विभागणीत. सामग्रीच्या बाबतीत मात्र प्रत्येक तुकडीची छायाचित्रे ही त्या तुकडीच्या प्रमुखाची. ती ज्याच्या त्याच्या वेधशाळेत गेली, त्यांचे अहवाल ज्याने त्याने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले आणि काचा कपाटांत राहिल्या. जे निरीक्षण छायापट्ट्यावर एकत्र मांडले गेले ते छापताना पुन्हा विखुरले.

नायगामवालांच्या उपकरणांची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. पुण्याची वेधशाळा १९१२ साली बंद होऊन तेथील दुर्बीण व इतर साधने कोडाईकनाल येथे गेली. त्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून दीप्तिगोलाची व वर्णगोलाची छायाचित्रे जवळजवळ अखंड घेतली गेली आहेत. ही मालिका आता अंकरूपात आली आहे आणि अवकाशयानांच्या सामग्रीशी जोडून अभ्यासली जाते. ज्यांनी त्या काचा घेतल्या त्यांना असा उपयोग स्वप्नातही दिसला नसेल. पण काचेवर दिनांक व वेळ लिहून ठेवण्याची त्यांची शिस्त तेवढी शतकभर पुरली.

४. संघटना आणि दिनदर्शिका

जॉर्ज एलरी हेल याच्या पुढाकाराने १९०४ साली सेंट लुई येथे सौर संशोधनातील सहकार्यासाठी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. या संघाने प्रथम हाती घेतलेल्या कामांत तरंगलांबीचे प्रमाण ठरविणे हे काम होते, ही गोष्ट सूचक आहे. १९०७ साली म्यूदाँ येथील परिषदेत कॅडमियमची तांबडी रेषा प्रमाण मानण्यात आली. एकत्र पाहण्यापूर्वी एकच माप हवे, हे सूत्र येथे स्पष्ट स्वीकारले गेले. पहिल्या महायुद्धाने हा संघ मोडला, आणि १९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघाने त्याचे कार्य पुढे चालविले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सूर्याची दैनंदिन स्थिती सांकेतिक आकड्यांत बांधून नभोवाणीवरून प्रक्षेपित करण्याचीही प्रथा पडली. पाच-पाच आकड्यांच्या त्या गटांत क्रियापद नव्हते, विशेषण नव्हते. तरीही कोणत्याही देशातील वेधशाळेस ते वाचता येत.

या सर्व प्रयत्नांस मोठे रूप आले ते आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ असा अठरा महिन्यांचा हा काळ सौर सक्रियतेच्या कळसाशी जुळेल असा मुद्दाम निवडला होता, आणि तो कळस आजवर नोंदल्या गेलेल्या कळसांत सर्वोच्च ठरला. ६७ देश यात सामील झाले. सिडनी चॅपमन हे संयोजन समितीचे अध्यक्ष होते. निरीक्षणांसाठी एक जागतिक दिनदर्शिका आखण्यात आली. तीत ‘नियमित जागतिक दिवस’ आधीच ठरलेले असत, तर सूर्यावर काही मोठे घडण्याची चिन्हे दिसताच अमेरिकेतील फोर्ट बेल्व्हॉर येथील केंद्रातून सर्व देशांस इशारा जाई आणि ‘विशेष जागतिक कालखंड’ जाहीर होई. कॅरिंग्टनला जी यदृच्छा लाभली तिच्या जागी आता दिनदर्शिका आली.

सामग्रीच्या बाबतीतील निर्णय याहूनही दूरगामी होता. जागतिक सामग्री-केंद्रे निर्माण करण्यात आली : ‘अ’ अमेरिकेत, ‘ब’ सोव्हिएट संघात आणि ‘क’ पश्चिम युरोप, जपान इत्यादी ठिकाणी विभागलेले. प्रत्येक केंद्रात सर्व सामग्रीची प्रत असावी आणि मागणाऱ्या कोणाही शास्त्रज्ञास केवळ प्रत काढण्याच्या खर्चात ती मिळावी, असे तत्त्व ठरले. शीतयुद्धाच्या ऐन भरात हे झाले. तथापि याच वर्षात अवकाशात गेलेल्या पहिल्या उपग्रहांच्या सामग्रीस हे तत्त्व त्याच उदारतेने लागू झाले नाही. जमिनीवरील वेधशाळा मोकळी झाली. अवकाशातील वेधशाळा मात्र राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या कुंपणात राहिली. ते कुंपण निघण्यास आणखी चार दशके लागली.

५. अवकाशातील पहिले सहवेध

‘स्कायलॅब’ ही अमेरिकी अवकाशप्रयोगशाळा १४ मे १९७३ रोजी कक्षेत गेली. तीवर सूर्यासाठी आठ उपकरणे होती. ती निरनिराळ्या संस्थांनी बांधलेली होती, पण अंतराळवीर एकच, वेळ एकच आणि सूर्यही एकच. म्हणून ‘संयुक्त निरीक्षण कार्यक्रम’ या नावाची पद्धती प्रथम येथे रूढ झाली. अमुक प्रश्नासाठी अमुक उपकरणांनी अमुक क्रमाने काम करावे असे क्रमांकित विधी लिहून अंतराळवीरांच्या हाती दिले गेले. सामग्री बरीचशी छायापट्टीवर होती. यानाबाहेर पडून ती काढावी लागे आणि परतीच्या यानातून पृथ्वीवर आणावी लागे. साहजिकच ती प्रथम उपकरण बांधणाऱ्यांकडे जाई. मात्र पुढे भरविलेल्या अभ्यासमेळाव्यांत निरनिराळ्या गटांनी आपली चित्रे एका मेजावर मांडली, तेव्हा किरीटविवरे आणि वेगवान सौरवात यांचा संबंध निर्विवादपणे प्रस्थापित झाला. एकेका गटाच्या कपाटातून तो इतक्या स्पष्टपणे निघाला नसता.

१४ फेब्रुवारी १९८० रोजी सोडलेला ‘सोलर मॅक्सिमम मिशन’ हा उपग्रह पुढची पायरी होय. त्यावरील बहुतेक उपकरणे उपग्रहाबरोबरच एका दिशेस वळत. त्यामुळे आज कोणत्या डागसमूहाकडे पाहावयाचे याचा निर्णय सर्वांनी मिळून रोज घ्यावा लागे. मेरीलँडमधील गोडार्ड केंद्रात सर्व गटांचे लोक एका जागी बसून हा निर्णय घेत. नऊ-दहा महिन्यांत उपग्रहाची दिशानियंत्रण यंत्रणा बिघडली, आणि एप्रिल १९८४ मध्ये ‘चॅलेंजर’ यानातील अंतराळवीरांनी ती कक्षेतच दुरुस्त केली. उपग्रह १९८९ साली वातावरणात शिरून नष्ट झाला. रोज एका मेजाभोवती बसण्याची रीत मात्र टिकली.

६. ‘सोहो’ : दिवसाचे नियोजन

‘सोहो’ २ डिसेंबर १९९५ रोजी उडाले आणि १९९६ च्या आरंभी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लक्ष किलोमीटर अंतरावरील पहिल्या लाग्रांज बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. तेथे रात्र नाही, ग्रहण नाही. सूर्य चोवीस तास दृष्टीसमोर. त्यावर १२ उपकरणे होती. त्यांपैकी नऊंचे नेतृत्व युरोपीय व तिघांचे अमेरिकी शास्त्रज्ञांकडे होते. सूर्याच्या अंतर्भागातील कंपनांपासून यानावर येऊन आदळणाऱ्या कणांपर्यंत त्यांचा पल्ला होता.

उपकरणांचे स्वभाव परस्परविरुद्ध होते. अतिनील प्रतिमा घेणारे ‘ईआयटी’ संपूर्ण सूर्यबिंब एका चित्रात घेई. वर्णपट घेणारी ‘सीडीएस’ व ‘सुमेर’ ही उपकरणे एका बारीक फटीतून पाहत. ती तपशील फार देत, परंतु कोठे पाहावयाचे हे त्यांना आधी सांगावे लागे. ‘लॅस्को’ सूर्यबिंब झाकून बाहेरचे किरीट पाही. ‘एमडीआय’ला चुंबकीय क्षेत्र व कंपने मोजण्यासाठी एवढी सामग्री पाठवावी लागे की दूरमापनाचा वेगवान मार्ग त्याला दिवसातून सुमारे आठ तास व वर्षातून दोन महिने सलग राखून ठेवावा लागला. म्हणजे वाटणी केवळ दिशेची नव्हती. ती वेळेची आणि संदेशवहनाच्या क्षमतेचीही होती.

यासाठी गोडार्ड केंद्रातील कार्यालयात नियोजनाची एक उतरंड रचण्यात आली. काही महिन्यांच्या बैठकीत स्थूल उद्दिष्टे ठरत. महिन्याच्या बैठकीत कोणत्या मोहिमा घ्यावयाच्या ते ठरे. आठवड्याच्या बैठकीत वेळा निश्चित होत. आणि रोजच्या बैठकीत त्या दिवशीचा सूर्य पाहून आराखड्यात बदल केला जाई. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. सूर्य योजनेप्रमाणे वागत नाही; सकाळच्या चित्रात नवा डागसमूह उगवलेला दिसला तर आठवड्याचा आराखडा बाजूस ठेवावा लागे. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने बिंबमध्यावरील बिंदू तासाला सुमारे १० विकला सरकतो. त्यामुळे सकाळी दिलेले स्थान संध्याकाळी चुकीचे ठरे. यानाचा वेध आणि जमिनीवरील वेध जुळविताना आणखीही भेद निघत. यान सूर्याच्या एक शतांशाने जवळ असल्याने तेथून बिंब तेवढ्याच प्रमाणात मोठे दिसे आणि प्रकाश सुमारे पाच सेकंद आधी पोहोचे. क्षणार्धात घडणाऱ्या घटना जुळविताना ही पाच सेकंदे उपेक्षणीय नव्हेत.

संयुक्त निरीक्षण कार्यक्रम हा या व्यवस्थेचा घटक होता. प्रत्येक कार्यक्रमास क्रमांक, प्रस्तावक, शास्त्रीय प्रश्न, भाग घेणारी उपकरणे, लक्ष्य व क्रम यांचे ठराविक टिपण असे, आणि पुढे त्यांची संख्या शंभराच्या बरीच पुढे गेली. प्रस्तावक यानाशी संबंधित असलाच पाहिजे असे नव्हते. कोणत्याही देशातील वेधशाळेचा शास्त्रज्ञ आपल्या दुर्बिणीसाठी ‘सोहो’ची जोड मागू शकत असे. १० ऑगस्ट ते ८ सप्टेंबर १९९६ या एका पूर्ण परिभ्रमणकालात ‘संपूर्ण सूर्य मास’ ही मोहीम झाली. सूर्य तेव्हा शांत होता. म्हणूनच त्याच्या किरीटाची साधी रचना तिन्ही परिमाणांत समजून घेण्याची ती संधी होती. यानावरील उपकरणे, जमिनीवरील किरीटदर्शक आणि सौरवाताचे जागीच मापन करणारी याने यांनी एकच सूर्य एकाच महिन्यात पाहिला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्त ओलांडून खाली लोंबणारे एक लांब किरीटविवर त्या वेळी दिसले. अभ्यासकांनी त्याला ‘हत्तीची सोंड’ असे नाव दिले. नाव सुचावे इतके एकमत रूपाविषयी झाले, हीच संयुक्त वेधाची पावती म्हणावयाची.

७. १९९८ चा खंड

२५ जून १९९८ रोजी यानाशी असलेला संपर्क तुटला. पुढे दोन्ही अवकाशसंस्थांच्या संयुक्त चौकशी मंडळाने दिलेला निष्कर्ष असा की, यानात मूळ दोष नव्हता. जमिनीवरील कार्यवाही चुकली होती. जायरोस्कोप वाचविण्यासाठी आज्ञांच्या एका ठरीव मालिकेत बदल केला गेला, त्यात एका जायरोस्कोपास पुन्हा कामास लावणारी आज्ञा गळाली. आणि मग कोणता जायरोस्कोप खरे सांगतो याविषयी घाईत चुकीचा निर्णय झाला. वाक्यातून एक पद गळावे आणि सर्व अर्थ उलटावा, असाच हा प्रकार. यान भलत्याच अक्षाभोवती फिरू लागले, सौरफलकांवर ऊन पडेनासे झाले, वीज संपली आणि इंधन गोठले.

शोध मात्र सहकार्यानेच लागला. २३ जुलै रोजी पोर्तो रिकोतील आरेसिबो येथील ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून रडार-लहरी सोडण्यात आल्या. त्यांचा प्रतिध्वनी कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या ७० मीटरच्या अँटेनाने टिपला. यान अपेक्षित जागीच होते आणि मिनिटाला एक फेरी याहून किंचित अधिक गतीने फिरत होते. ३ ऑगस्ट रोजी त्याचा क्षीण वाहक-संदेश ऐकू आला. मग बॅटऱ्या भारून, गोठलेले इंधन थोडेथोडे वितळवून, १६ सप्टेंबर रोजी यान पुन्हा सूर्याभिमुख करण्यात आले. काही उपकरणांनी शून्याखाली शंभर अंशांहून अधिक थंडी सोसली होती. तरी बाराही उपकरणे पुन्हा चालू झाली. डिसेंबरमध्ये अखेरचा जायरोस्कोपही निकामी झाला, तेव्हा जायरोस्कोपावाचून यान चालविण्याची आज्ञावली १९९९ च्या आरंभी वर पाठविण्यात आली.

या खंडाची शास्त्रीय किंमत यादीने सांगता येणारी नाही. ‘ट्रेस’ हा सूक्ष्मदर्शी सौर उपग्रह २ एप्रिल १९९८ रोजी सोडला गेला होता, तो ‘सोहो’च्या जोडीने चढत्या सौरचक्राचे वेध घेण्यासाठीच. जोडीचे वेध सुरू होतात न होतात तोच जोडीदार मुका झाला. संयुक्त योजनेत एक दुवा तुटला की इतरांचे काम बंद पडत नाही, पण त्याचा अर्थ उणा होतो, हे त्या उन्हाळ्यात सर्वांस कळले.

८. सामग्री कोणाची?

उपकरण बांधण्यात ज्याची दहा-बारा वर्षे गेली त्याचा त्याच्या पहिल्या सामग्रीवर काही अग्रहक्क असावा, हे म्हणणे अन्यायाचे नाही. ‘सोहो’च्या मूळ धोरणात हा हक्क मान्य होता, उपकरणगटास ठराविक काळ, सर्वसाधारणपणे एक वर्ष, सामग्री स्वतःकडे ठेवण्याची मुभा होती. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, सार्वजनिक द्रव्यातून पाहिलेला सूर्य सार्वजनिक आहे, आणि राखून ठेवलेल्या वर्षात त्या क्षणाचे इतर साक्षीदार आपली नोंद कशाशी ताडून पाहणार? संयुक्त कार्यक्रमाने हा वाद तत्त्वाने नव्हे, व्यवहाराने सोडविला. उद्या कोठे पाहावयाचे हे ठरविण्यासाठी आजचे चित्र सर्वांस दिसणे आवश्यक होते. आणि जे नियोजनासाठी सर्वांस दाखवावे लागते ते फार काळ गुप्त राहू शकत नाही. ‘ईआयटी’, ‘लॅस्को’ व ‘एमडीआय’ यांची चित्रे लवकरच घेतल्या दिवशीच जगासमोर येऊ लागली. ‘ट्रेस’ने राखीव काळ मुळातच ठेवला नाही. २०१० साली सुरू झालेल्या ‘एसडीओ’ या यानाची, दिवसाला सुमारे दीड टेराबाइट भरणारी सामग्रीही सर्वांस खुली करण्यात आली.

खुलेपणाचे एक फळ कोणी योजिलेले नव्हते. ‘लॅस्को’च्या चित्रांत सूर्याजवळून जाणारे धूमकेतू हौशी निरीक्षक घरबसल्या शोधू लागले, आणि मार्च २०२४ मध्ये अशा धूमकेतूंची संख्या ५००० झाली. ज्या उपकरणाचा हेतू धूमकेतू शोधण्याचा नव्हता, ते या दृष्टीने इतिहासातील सर्वांत फलदायी साधन ठरले. राखीव कपाटातून हे घडणे शक्य नव्हते.

परंतु खुली सामग्री ही वाचनीय सामग्री असतेच असे नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेली आणि पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघाने मान्य केलेली ‘फिट्स’ ही लेखनपद्धती येथे मोलाची ठरते. तीत प्रत्येक चित्राआधी साध्या अक्षरांतले शीर्षटिपण असते : ८० अक्षरांची एक ओळ, आठ अक्षरांपर्यंतचा एक संकेतशब्द, त्याचे मूल्य आणि लागल्यास खुलासा. वेळ कोणती, उपकरण कोणते, बिंबाचे केंद्र कोठे, उत्तर दिशा कोणीकडे, हे सर्व चित्राबरोबरच प्रवास करते. आरंभी दिनांक लिहिताना वर्षाचे दोनच आकडे लिहीत. शतक पालटण्याआधी, १९९७ साली, चार आकड्यांची रीत घालून द्यावी लागली. २००३ साली ‘सोहो’ची मुख्य अँटेना वळेनाशी झाली. तेव्हापासून पृथ्वीकडे तिचे तोंड राहावे म्हणून दर तीन महिन्यांनी संपूर्ण यान १८० अंशांनी फिरवावे लागले. मूळ चित्रांत सूर्य तीन महिने सुलटा, तीन महिने उलटा. शीर्षटिपणातील कोनाची एक ओळ वाचली नाही तर उत्तर गोलार्धातील डाग दक्षिणेत जातो. वोल्फच्या गुणकाचे कार्य आता ही ओळ करते.

९. उपसंहार

कॅरिंग्टनने साक्षी अलिप्त ठेवल्या. ‘सोहो’ने त्या आधीच एकत्र बसविल्या. या दोन भूमिकांत वरवर विरोध दिसतो, पण तो वस्तुतः नाही. संयुक्त कार्यक्रमात काय पाहावयाचे ते मिळून ठरते. काय दिसले ते प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणेच सांगते. सहमती प्रश्नापुरती आणि परिभाषेपुरती आहे, उत्तरापुरती नव्हे. ही मर्यादा जेथे पाळली जाते तेथेच सहकार्याने साक्षीचे मोल वाढते. जेथे ती पाळली जात नाही तेथे कॅरिंग्टनची शंका आजही खरी ठरेल.

भारताचे ‘आदित्य-एल१’ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ‘सोहो’च्याच लाग्रांज बिंदूभोवती जाऊन पोहोचले. त्यावरील सात उपकरणांपैकी जवळच्या अतिनील प्रकाशात संपूर्ण बिंब पाहणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने घडविली. जानेवारी २०२५ मध्ये यानाची शास्त्रीय सामग्री अभ्यासकांस खुली करण्यात आली. नायगामवालांची दुर्बीण ज्या शहरातून गेली तेथेच घडलेल्या दुर्बिणीची चित्रे आता त्याच संकेतांत, त्याच परिभ्रमण-क्रमांकांखाली, ‘सोहो’च्या चित्रांशेजारी ठेवता येतात. ती शंभर वर्षांनीही ठेवता येतील की नाही, हे चित्रांच्या सुबकतेवर अवलंबून नाही. त्यांच्या शीर्षटिपणांत कोणी किती काळजीने काय लिहून ठेवले यावर ते अवलंबून राहील.